नेपल्सला तीन दिवस पुरे

भास्कर निजसुऱ्यांना कोणत्याही शहराचं नाव सांगावं, ते दिवस सांगत. व्हेनिस? दीड. फ्लॉरेन्स? दोन, पण दुसऱ्या दिवशी दुपारी चारची गाडी पकडायची. रोम? "तीन. चौथा दिवस आळशांसाठी." जिनोआचं नाव काढलं की ते नुसते हसत. जिनोआला गाडी बदलायची आणि तेवढ्यात दिसेल ते बघायचं, असा त्या हसण्याचा अर्थ. हे सगळं ते जर्मनीतल्या नेकारसुल्ममधल्या आपल्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात खुर्चीत बसून सांगत. स्वतः त्यांनी यांतलं फक्त व्हेनिस पाहिलं होतं, तेही पावसात, छत्रीखालून. पण म्हणून सल्ला देणं थांबवतील तर ते निजसुरे कसले! स्टुटगार्टची सात-आठ मराठी डोकी सुट्टीला निघायच्या आधी त्यांच्याकडे येत, दिवस विचारून जात आणि बाहेर पडल्यावर जिन्यात हसत.

त्यांचा धंदाच तसा होता म्हणा. स्टुटगार्टला चार वर्षं घासून ते इंजिनिअरिंगचे डॉक्टर झाले आणि साठ साली नेकारसुल्मच्या एका कारखान्यात चिकटले. काम काय, तर हातात स्टॉपवॉच घेऊन कामगाराच्या पाठीशी उभं राहायचं आणि एक बोल्ट आवळायला त्याला किती सेकंद लागतात ते कागदावर मांडायचं. ते दिसले की कामगार शिंकसुद्धा आवरून धरत. संध्याकाळी ते घड्याळ खिशातून घरी यायचं. बायको सुलेखा पोळ्या लाटायला बसली की निजसुऱ्यांचा हात कोटाच्या खिशात उगीचच वळवळायचा. ते तिला दिसायचं. ती मुद्दाम एक पोळी चार वेळा उलटायची.

आणि निजसुऱ्यांचं एका शब्दाशी हाडवैर होतं: 'आठ दिवस'. जर्मन माणूस आठवड्याला खुशाल 'आख्ट टागे' म्हणजे आठ दिवस म्हणतो आणि मोजतो सात. आपणही तेच करतो. 'आठ दिवसांनी या' म्हणजे पुढच्या आठवड्यात याच वारी या. दोन्ही देशांना हे पटलेलं असताना निजसुऱ्यांनाच तेवढं पटत नव्हतं. "आठवड्याचे दिवस सात," असं ते पोस्टमनला, कारखान्यातल्या साहेबाला आणि घरमालकीण फ्राउ केर्नरला सांगत. फ्राउ केर्नर म्हणायची, "या, या, हेर डॉक्टर," म्हणजे हो, हो, आणि पुढच्या वाक्यात पुन्हा आठ दिवसच म्हणायची.

एवढ्यावर भागलं असतं तर निजसुरे नुसते करमणुकीचे गृहस्थ ठरले असते. पण एकसष्ट सालच्या ऑक्टोबरात त्यांनी सासूबाईंना पत्र लिहिलं.

सुलेखाची आई तेव्हा इंग्लंडात, लीड्सला, मुलाकडे, श्रीरंगकडे, आली होती. श्रीरंगच्या बायकोचं बाळंतपण होतं. मुंबईहून इतक्या लांब आलेच आहे तर लेकीचं घर बघून जावं, असं म्हाताऱ्या बाईंना वाटलं. तसं त्यांनी कळवलं. जावयाने उलटटपाली उत्तर धाडलं: 'आपण येणार हे वाचून आनंद झाला. तथापि आपण एकूण किती दिवस राहणार हे येण्याच्या व जाण्याच्या तारखांसह कळवावे, म्हणजे घरमालकिणीस व पोलिसांस आगाऊ सूचना देता येईल.'

पाहुण्याला 'किती दिवस राहणार' असं कोणी विचारतं का? तेही सासूला? आणि वर पोलीस! जर्मनीत नवं माणूस राहायला आलं की कचेरीत नोंद करावी लागते, हे खरं. पण ते काम माणूस गुपचूप करून येतो. सासूला त्याची नोटीस देत नाही.

पत्राच्या तळाशी दोन बोटं जागा सोडलेली होती, रिवाजाप्रमाणे, बायकोसाठी. निजसुऱ्यांनी कागद सरकवला, सुलेखाने पत्र वरपासून खालपर्यंत वाचलं आणि तिने त्या दोन बोटांत लिहिलं, 'सौ. सुलेखाचा शिरसाष्टांग नमस्कार.' का लिहिलं? पोळी तव्यावर होती, नवरा पेन धरून उभा होता, पाकीट उघडं होतं. अशी कारणं तिने पुढे दहा महिने स्वतःला सांगितली. एकही पटलं नाही.

आई आली नाही. तारखाही कळवल्या नाहीत. लीड्सहून पत्रं यायची ती श्रीरंगची, आणि त्यात शेवटी 'आई बरी आहे' एवढंच. नऊ महिन्यांत आईच्या हातची एक ओळ नाही. मग बासष्टच्या जुलैत श्रीरंगने लिहिलं की आई परत निघाली. बोट सतरा ऑगस्टला नेपल्सला पाच-सहा तास थांबेल आणि तिथून थेट मुंबई. 'तुम्ही धक्क्यावर आलात तर भेट होईल. ती स्वतः काही म्हणत नाही.'

आई पासष्टीची. मुंबईला एकदा गेली की पुन्हा समुद्र ओलांडणार नाही, आणि निजसुरे भारतात कधी जाणार याचं गणित अजून सुटायचं होतं. ते सुटेपर्यंत कोण राहतंय! सुलेखाला आईला तोंडावर एकच गोष्ट सांगायची होती: ते पत्र मी वाचलं होतं.

"नेपल्सला जाऊ या," ती म्हणाली. "आठ दिवस."

"सात," निजसुरे म्हणाले, आणि लाल पुट्ठ्याचं गाइडबुक काढून बसले.

त्यांची रीत अशी. पुस्तकात ज्या जागेला दोन चांदण्या तिला नव्वद मिनिटं, एक चांदणी तिला चाळीस, आणि जिला चांदणी नाही ती चालता चालता बाहेरून. सगळ्याची बेरीज, भागिले नऊ तास. नेपल्सचे आले दोन पूर्णांक सात दशांश. "आल्झो, म्हणजे तीन दिवस पुरे. बुधवारी सकाळी पोचायचं, शुक्रवारी सकाळी आईंना भेटायचं, संध्याकाळी पाचची गाडी."

"आणि बोट उशिरा आली तर?"

"बोटीला वेळापत्रक असतं, सुलेखा."

ते बुधवारी, पंधरा ऑगस्टला पोचले. बंदराजवळच्या गल्लीत चौथ्या मजल्यावर सिन्योरा असुंताबाईंच्या पेन्शन नावाच्या खानावळवजा लॉजात उतरले. बाईंचा मुलगा स्टुटगार्टला इमारतीच्या कामावर विटा वाहायला गेलेला, त्यामुळे त्यांना मोडकंतोडकं जर्मन येई आणि स्टुटगार्टकडची माणसं म्हणजे त्यांना माहेरची वाटत. किती दिवस राहणार हे निजसुऱ्यांनीच न विचारता सांगितलं: तीन. सिन्योरांनी सुलेखाकडे पाहिलं. दवाखान्यातून लवकर घरी धाडलेल्या रोग्याकडे बघतात तसं.

हातपाय धुऊन निजसुरे लगेच दोन चांदण्यांच्या म्युझियमकडे निघाले. दाराला कुलूप. तिथून एका चांदणीच्या राजवाड्याकडे. कुलूप. इटलीत पंधरा ऑगस्टला मोठा सण, चिटपाखरू कामावर नाही. एवढी दशांशापर्यंतची बेरीज, पण शहर त्या दिवशी उघडं आहे का हे बघायचं राहून गेलं होतं.

"आपल्या स्वातंत्र्यदिनाची सुट्टी इथेही देतात वाटतं," सुलेखा म्हणाली.

निजसुरे हसले नाहीत. त्यांनी गाइडबुक उघडलं, म्युझियमच्या दाराचे खांब मोजले, दारावरच्या पुतळ्याचं नाव वाचून काढलं आणि समासात पेन्सिलीने बरोबरची खूण केली. राजवाड्याच्या दारासमोरही तेच. बाहेरून बघितलेलं बघितल्यातच जमा. मात्र त्या उन्हात ते नव्वद मिनिटं नव्वद मिनिटंच उभे होते. तेवढ्यात सुलेखा पाणी पिऊन येते म्हणून स्टेशनात जाऊन आली.

गुरुवारी पॉम्पेई झालं, पळत. शुक्रवारी सकाळी सात वाजता दोघं धक्क्यावर. बोट नाही. आठ वाजले, नऊ वाजले, बोट नाही. शेवटी बोट कंपनीच्या कचेरीत गेले. तिथल्या कारकुनाला जर्मन येत होतं. त्याने सांगितलं की इंग्लंडच्या बंदरात हमालांचा संप झाला, बोट उशिरा सुटली. "आजपासून आख्ट टागे."

"आठ दिवस!" निजसुरे म्हणाले. "म्हणजे पंचवीस. शनिवार."

"चोवीस," सुलेखा म्हणाली. "पुढचा शुक्रवार."

"अगं, सतरा अधिक आठ किती?"

"अहो, तो आठ दिवस म्हणतोय. आठ नाही."

"फ्रायटाग," कारकूनही शुक्रवारच म्हणाला.

"मग सात म्हणा! सीबेन!"

कारकुनाने इटालियनमध्ये शेजारच्याला विचारलं, शेजाऱ्याने तिसऱ्याला. तिघांनी मान हलवून एकमताने सांगितलं की इथेही आठवड्याला 'ओत्तो जोर्नी'च म्हणतात, आठ दिवस. आता झाले तीन देश. निजसुऱ्यांनी तिन्ही देशांना पाव तास समजावलं. त्यांच्या मागे तिकिटासाठी रांग लागली, रांगेतल्या एका जाड्या पाद्र्यानेही बोटं दाखवून आठ असं सांगितलं. अखेर कारकुनाने कागदावर चोवीस हा आकडा लिहिला आणि तो कागद सुलेखाच्या हातात दिला.

बाहेर आल्यावर निजसुरे घाम पुसत म्हणाले, "आल्झो, प्रश्न मिटला. पाचची गाडी."

"तुम्ही जा," सुलेखा म्हणाली. "मी राहते."

"कुठे?"

"इथे. चोवीस तारखेपर्यंत."

"पण नेपल्स झालं! आणि तुझं तिकीट आजचं आहे."

"तारीख बदलून मिळते. मी विचारून आलेय."

"कधी?"

"तुम्ही म्युझियमचं दार बघत होतात तेव्हा."

मग निजसुऱ्यांना ते सुचलं जे अशा वेळी आपल्याकडच्या पुरुषांना हमखास सुचतं. "एकटी बाई! लोक काय म्हणतील?"

"कोणते लोक? नेकारसुल्मला आपण दोघंच मराठी."

"स्टुटगार्टचे!"

"त्यांना तुम्ही सांगितलंत तर म्हणतील."

त्यांना राहता आलं नसतं का? आलं असतं. कारखान्यात एक तार केली असती तर कोणी फासावर चढवत नव्हतं. पण नेपल्सला तीन दिवस पुरे असं एकदा तोंडातून गेलं होतं, आणि ते खोटं पडण्यापेक्षा बायको मागे राहिलेली त्यांना परवडली. जाताना डब्याच्या खिडकीतून त्यांनी गाइडबुक तिच्या हातात दिलं. "दोन चर्चं राहिलीत. खूण केलीय."

सुलेखाकडे शिवणकामाचे स्वतःचे पैसे होते, खोली होती आणि सिन्योरा होत्या. नवरा गेला हे कळल्यावर सिन्योरांनी अफसोस करायचा म्हणून हात गालाला लावला, आणि त्याच हाताने ताटात जास्तीची भाजी वाढली.

त्या आठवड्यात तिने काय पाहिलं? निजसुऱ्यांच्या हिशेबी काहीही नाही. रोज सकाळी कचेरीत जाऊन बोटीची चौकशी करायची. मग सिन्योरांबरोबर गच्चीत बसून शेंगा सोलायच्या. चौथ्या मजल्याच्या खिडकीतून दोरीला बांधून टोपली खाली सोडायची, खालून भाजीवाला तीत वांगी टाकायचा, आणि वांगी किडकी निघाली की सिन्योरा वरून जे बोलायच्या ते सुलेखाला एकही शब्द न कळता सगळं कळायचं. ती दोन चर्चं तिने पाहिली नाहीत. एकाच्या पायरीवर मात्र बसली होती, चपलेचा अंगठा तुटला म्हणून.

पण मधूनच मनात यायचं. आई खाली उतरलीच नाही तर? दहा महिने न बोललेली बाई. बोटीच्या कठड्यापाशी उभी राहून नुसता हात हलवेल आणि आत जाईल. तिला ते जमण्यासारखं होतं.

इकडे रविवारी निजसुरे स्टुटगार्टला मोहन आणि सुधा चिंचणीकरांकडे जेवायला गेले. गेले नसते तर बरं झालं असतं. पण आयतं वरण-भात मिळत असताना अब्रू कोण सांभाळतो? पुढे सुधाने सुलेखाला सगळं नकलेसकट सांगितलं. दार उघडताच मोहन म्हणाला, "काय हो, बायको कुठेय? दोन चांदण्यांची होती, नव्वद मिनिटांत आटोपली की काय?"

"तिच्या आईची बोट लांबली. ती थांबलीय."

"किती दिवस?" पानावर बसल्यावर सुधाने विचारलं.

निजसुऱ्यांनी घास गिळला. सात म्हणावं तर सात रात्री एकटी, आठ म्हणावं तर आयुष्यभराचं तत्त्वज्ञान गेलं. "शुक्रवारपर्यंत," ते म्हणाले.

"म्हणजे आठ दिवस!" मोहन आनंदाने म्हणाला. "गेनाऊ, अगदी मोजून आठ दिवस!"

शुक्रवारी, चोवीस तारखेला, बोट अकरा वाजता लागली आणि पाचला सुटणार म्हणून फळा लागला. माणसं उतरायला लागली. साहेब उतरले, मडमा उतरल्या, पोरं उतरली. सुलेखा टाचा उंचावून बघत होती. सगळ्यांत शेवटी शिडीवर नऊवारी दिसली. वर श्रीरंगचा गुडघ्यापर्यंतचा जुना ओव्हरकोट, ऑगस्टच्या उन्हात. आई एका हाताने दोर धरून एकेक पायरी उतरली, जमिनीवर उभी राहिली, लेकीकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली,

"वाळलीस. इथे पडायला कुठे जागा आहे का गं? चार दिवस पोटात पाणी ठरलं नाही. जमीन हलतेय माझ्याखाली."

सुलेखाने तिला घोडागाडीत घातलं आणि चार मजले कसेबसे चढवलं. सिन्योरांनी लिंबाचं पाणी आणलं. आईने ते घेतलं, कोट काढला, पलंगावर आडवी झाली आणि तत्काळ घोरायला लागली.

एवढा खटाटोप केला, आठ दिवस वाट पाहिली, नवरा गाडीत बसवून दिला, आणि म्हातारी झोपली! एक वाजला. दीड वाजला. सुलेखा उशाशी बसून होती. उठवावं तर आजारी माणूस, न उठवावं तर पाचला बोट. मनातल्या मनात तिने ते वाक्य शंभर वेळा जुळवलं. सिन्योरा दोनदा दारातून डोकावल्या, दुसऱ्यांदा त्यांनी खिडकीचं दार ओढून अंधार केला. म्हणजे आणखी झोपावी म्हणून. सुलेखाला त्यांचा गळा दाबावासा वाटला.

अडीच वाजता आईने डोळे उघडले. सुलेखा एका दमात बोलली, "आई, ते पत्र मी वाचलं होतं. वाचून खाली नमस्कार लिहिला."

आई उठून बसली. अंबाडा सोडला, पुन्हा घट्ट बांधला. मग म्हणाली, "श्रीरंग म्हणत होता, तू न वाचताच लिहिलं असशील. मी म्हटलं, न वाचता सही करणारी मुलगी मी वाढवलेली नाही."

"मग दहा महिने बोलली का नाहीस?"

"वाचून लिहिलंस म्हणून! न वाचता लिहिलं असतंस तर मूर्ख म्हणून सोडून दिलं असतं." मग पदर सारखा करत, "मला तारखा कळवायच्या होत्या गं. येण्याची कळवणार होते. जाण्याची काय कळवू? लेकीच्या घरातून जाण्याची तारीख आधी लिहायला हातच होईना."

सुलेखा रडली. आई रडली नाही. तिने खायला काय आहे असं विचारलं. सिन्योरांनी वांग्याचं काहीतरी केलं होतं. ते खाताना आईने श्रीरंगच्या बायकोची निंदा केली, लीड्सच्या पावसाची केली, बोटीवरच्या भाताची केली. निंदा करता करता तिच्या चेहऱ्यावर रंग चढला. मग इकडेतिकडे बघून तिने विचारलं, "आणि जावईबापू?"

"गेले. त्यांचं नेपल्स बघून झालं."

"काय काय बघितलं?"

"दारं."

आईला ठसकाच लागला. सिन्योरा पाणी घेऊन धावत आल्या आणि काय झालं ते न कळताच त्याही हसायला लागल्या.

पावणेपाचला दोघी धक्क्यावर पोचल्या तोच भोंगा झाला. आईने कोट अंगावर चढवला. शिडीवर पाय ठेवता ठेवता ती वळली. "पत्र लिहीत जा. पण वेगळं लिही. माझ्या नावाचं, तुझ्या हातचं. मग भरून लिही, शिव्या घाल, काय वाटेल ते कर."

बोट गेली. तिने बदलून घेतलेल्या तिकिटाची गाडी सातला होती. सुलेखा बंदरावरून निघाली ती स्टेशनच्या वाटेला लागली खरी, पण वाटेतल्या तार ऑफिसात शिरली. कागदावर तिने जर्मनमध्ये लिहिलं: आई भेटली. येते. सुलेखा. खिडकीमागच्या माणसाने शब्द मोजले आणि बोट ठेवून विचारलं की कधी येते ते राहिलंय, तेवढ्याच दरात आणखी दोन शब्द बसतात.

"नको," सुलेखा म्हणाली, आणि चौथा मजला चढायला परत गेली.

तार शनिवारी सकाळी नेकारसुल्मला पोचली. फ्राउ केर्नरने ती वर आणून दिली. निजसुऱ्यांनी वाचली, पुन्हा वाचली, आणि मग कागद उलटा करून पाहिला, तारीख मागे लिहिली असेल म्हणून.